अंथरूण कापणारा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याकडे सांगतात. म्हण शहाणपणाची आहे; पण तिच्यातला सारा उपदेश झोपणाऱ्याला आहे. ते अंथरूण कोणी कापले, इतके आखूड का कापले, आणि उरलेले कापड कोणाच्या चादरीला जोडले, हे ती म्हण विचारीत नाही. माझा व्यवसायच अंथरूण कापण्याचा असल्यामुळे मला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. मोटर यॉट, म्हणजे हौसेसाठी बाळगलेल्या यांत्रिक नौका, यांच्यातील निजण्याच्या केबिनांचे मी आराखडे करतो आणि सुतारांकडून त्या बांधून घेतो.

जमिनीवरच्या घरात जागेचा हिशेब लपून राहतो. बंगला मोठा झाला म्हणून कोणाची झोपडी किती लहान झाली, हे दाखविणारी रेघ कोणत्याच नकाशात नसते. नौकेत तसे होत नाही. तिची लांबी-रुंदी आधीच ठरलेली असते. तिथे जागा निर्माण करता येत नाही, फक्त वाटता येते. एकाला वीतभर दिली, की ती दुसऱ्याच्या केबिनमधून वजा होते, आणि ती वजाबाकी एकाच कागदावर, एकाच पेन्सिलीने करावी लागते.

वाटणीचा रिवाजही ठरून गेलेला आहे. लाटांवर नौका तराफ्याच्या फळीसारखी वरखाली होते. टोकांना हेलकावे जास्त, मधोमध कमी. म्हणून मध्यभाग मालकाचा, त्यापुढे पाहुणे, आणि अगदी नाळेत खलाशी. तिथे लाट थेट डोक्याशी आपटते, नांगराची साखळी उशाशी खडखडते आणि नौका निमुळती होत जात असल्यामुळे बंकही पायांकडे अरुंद होतो.

बाकी केबिन बांधण्याची कला म्हणजे निजलेल्या माणसाची काळजी वाहण्याची कला होय. बंकच्या कडेला उभी फळी लावायची, म्हणजे हेलकाव्यात माणूस खाली पडत नाही. गादीखाली सलग फळी न घालता फटी ठेवून पट्ट्या ठोकायच्या, म्हणजे हवा खेळते आणि गादी दमट होऊन कुजत नाही. प्रत्येक कोपरा गोल करायचा, प्रत्येक खणाला खिटी बसवायची. आणि बाहेर पडायला दाराखेरीज छतातून दुसरी वाट ठेवायची. कारण आग लागली तर दाराकडची वाट बंद होऊ शकते. जागा माणूस स्वतःला सावरू शकतो. निजलेला सावरू शकत नाही. तो आपला देह आराखडा करणाऱ्याच्या स्वाधीन करून डोळे मिटतो.

चार वर्षांपूर्वी एका मालकांनी मला सुचविले, की पाहुण्यांच्या केबिनमध्ये कपाट मोठे हवे, तेव्हा पुढची आडवी भिंत २५ सेंटीमीटर नाळेकडे सरकवावी. गृहस्थ सुस्वभावी होते. पण त्या २५ सेंटीमीटरांनी खलाशांचे दोन्ही बंक १९८ वरून १७३ वर येत होते, आणि त्यांचा तांडेल पाच फूट नऊ इंच उंच होता. त्याला रोज गुडघे मुडपून निजावे लागले असते.

मालकांचे म्हणणे तीन प्रकारचे होते. नौका माझी, नोकरी त्याने खुशीने पत्करली, आणि घरी तरी तो दाटीवाटीत चटईवरच निजतो ना? यांतला तिसरा मुद्दा आपण सर्वच जण वेळोवेळी वापरतो, म्हणून तोच जास्त घातक आहे. मुंबईच्या गिरणगावात एकाच खोलीत कामगार पाळीपाळीने झोपत. त्यावरून त्यांना कमी झोप पुरत होती, असे सिद्ध होते काय? एका ठिकाणी सोसलेली टंचाई हा दुसऱ्या ठिकाणी टंचाई लादण्याचा परवाना नव्हे. शिवाय चटईवरून पाय उंबऱ्यापर्यंत तरी जातात. लाकडी पेटी बोटभरही सरकत नाही. खुशीचे म्हणाल, तर नोकरी पत्करताना त्याने बंक पाहिलेला नव्हता. आणि मालकीचे म्हणाल, तर कपाट कुठे असावे हे ठरविण्याचा हक्क मालकीने मिळतो. माणूस किती लांब असावा हे ठरविण्याचा नाही.

या बाबतीत जगाने काही ठरविलेले नाही असे नाही. १७८८ साली इंग्लंडात ‘ब्रुक्स’ या गुलामवाहू जहाजाचा नकाशा छापला गेला. प्रत्येक पुरुषाला सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद जागा देऊन त्यात माणसे ओळीने निजविलेली दाखविली होती. निजण्याच्या जागेचे ते साधे रेखाटन गुलामांच्या व्यापाराविरुद्धचे आरोपपत्र ठरले. १८०७ साली ब्रिटनने तो व्यापार कायद्याने बंद केला. पुढे २००६ साली जिनिव्हात सागरी कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला आणि २०१३ पासून तो अमलात आला. भारताने तो २०१५ साली स्वीकारला. बंक आतून निदान १९८ सेंटीमीटर लांब आणि ८० सेंटीमीटर रुंद असावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु हा करार धंद्यातल्या जहाजांसाठी आहे. केवळ मालकाच्या विहाराची नौका त्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे जिथे सर्वांत जास्त ऐश्वर्य, तिथेच माप प्रत्येकाच्या सद्बुद्धीवर सोडलेले!

कोणी म्हणेल, एवढी न्यायबुद्धी आहे तर असल्या नौका बांधताच कशाला? एका केबिनच्या खर्चात कितीतरी घरे शाकारून होतील. आक्षेप खरा आहे, आणि त्याला पुरे पडेल असे उत्तर मजजवळ नाही. पण मोठ्या अन्यायापर्यंत माझा हात पोचत नाही, म्हणून हातातल्या पेन्सिलीची जबाबदारी संपते असे मला वाटत नाही.

मी वाद घातला नाही. आराखड्यात पाहुण्यांच्या पलंगावर आणि खलाशाच्या बंकवर एकाच मापाचे दोन निजलेले माणूस काढले आणि तो कागद मालकांपुढे ठेवला. एकाचे पाय भिंतीत शिरलेले दिसत होते. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बरोबर आहे. पहाटे सुकाणूवर पेंगणारा तांडेल मला परवडायचा नाही.” भिंत जागच्या जागी राहिली.

निकाल योग्य लागला, पण कारण माझ्या मनाला लागून राहिले. तांडेलाची झोप मालकाच्या सुरक्षिततेसाठी हवी होती म्हणून ती वाचली. मग भांडी घासणाऱ्याची झोप कोणत्या आधारावर वाचायची? तो पेंगला तर फार तर एखादी बशी फुटेल. उपयुक्ततेच्या तराजूत त्याचे २५ सेंटीमीटर सहज कापता येतात. माणसाला पाय पसरायला जागा हवी, कारण त्याला पाय आहेत. याहून दुसरे कारण लागू नये.

म्हणूनच हेतू शुद्ध होण्याची वाट न पाहता माप आधी पक्के करावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. हेतू बदलतात, मालक बदलतात, नौका विकल्या जातात. एकदा लाकूड १९८ सेंटीमीटरवर कापले, की त्यावर पुढे तांडेल निजणार की भांडी घासणारा, हे लाकूड विचारीत बसत नाही.