तिसरा साचा

अंधेरीतल्या कुठल्याही सोसायटीत धुणंभांडी करणारी बाई नवं घर धरते तेव्हा हिशेब पहिल्याच दिवशी होतो. भांड्यांचे वेगळे, केर-लादीचे वेगळे, कपड्यांचे वेगळे. गावाहून सासू-सासरे कायमचे राहायला आले, की त्याच आठवड्यात ती ओट्यापाशी थांबून सांगते, "ताई, माणसं वाढली, आता पैसे वाढवून द्या." अशा रोखठोकपणामागे लढेही आहेत. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. ताईंना हे मागणं वाजवी वाटतं, थोडी घासाघीस होते, पैसे वाढतात.

मग ताई मेट्रोने मरोळला किंवा सीप्झला कामावर जातात. तिथे दिवाळीच्या सुमारास एक सहकारी सोडून गेला, त्याचं निम्मं काम ताईंकडे आलं. "नवा माणूस येईपर्यंत जरा सांभाळ," असं साहेब म्हणाले होते. नवा माणूस आला नाही. ताई योग्य वेळेची वाट बघताहेत. आधी काम नीट जमवून दाखवू, मग बोलू. आणि साहेबांच्या लक्षात असेलच की.

माझं म्हणणं असं की, हे वाट बघणं विनयाचं वाटलं तरी हिशेबाच्या दृष्टीने ते नुकसानीचं आहे. सोडून गेलेल्या माणसाचा पगार कंपनीच्या बजेटात त्या वर्षापुरता तरी मांडलेला असतो. काम दोघांचं, पगार एकाचा, आणि मधली बचत कोणाला तरी स्पष्ट दिसत असते. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि पुढच्या वर्षाचे आकडे त्याच्या दोन-तीन महिने आधी ठरू लागतात. तेव्हा कोणी विचारलं नाही, तर ती जागा बऱ्याचदा कागदावरून गळून जाते. एप्रिलमध्ये सेल्फ-अप्रेझलच्या फॉर्मात ताई जेव्हा वाढलेल्या कामाबद्दल चार ओळी लिहितात, तेव्हा ते काम वाढलेलं राहिलेलंच नसतं. ते त्यांचं नेहमीचं काम झालेलं असतं. रेटिंग चांगलं मिळतं, वाढ सगळ्यांना मिळते तेवढीच. म्हणून मागायची वेळ आपल्या कर्तबगारीवरून ठरवू नये. रिकाम्या खुर्चीची किंमत अजून कोणाच्या तरी लक्षात आहे, तोवरचीच ती वेळ.

काम वाढतं, पण त्या प्रमाणात पैसे वाढत नाहीत, हे मुंबईला नवीन नाही. १९२८ साली गिरण्यांमध्ये वाद पेटला तो नेमका याच प्रश्नावर. तोवर विणकर सहसा दोन साचे, म्हणजे माग, चालवायचा. सॅसून समूहाच्या गिरण्यांनी त्याच्या हाती तिसरा साचा द्यायला सुरुवात केली. मालक सांगत होते की, एकेका माणसाची कमाई वाढेल. ते सपशेल खोटं नव्हतं. पण मजुरी साच्यांच्या प्रमाणात वाढणार नव्हती आणि तिघांचं काम दोघांत भागलं की तिसरा घरी बसणार होता. एप्रिलमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. त्याच धामधुमीत गिरणी कामगार युनियन जन्मली आणि शेवटी प्रश्न चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीपुढे गेला. मला त्या कामगारांचा लढा जितका मोठा वाटतो, तितकीच त्यांची वेळेची जाण. तिसरा साचा अंगवळणी पडण्याआधी ते बोलले. एक सोय अर्थात त्यांच्याकडे होती: साचे मोजता येतात. ऑफिसात वाढलेलं काम मेलमध्ये, मीटिंगमध्ये आणि रात्री साडेदहाच्या फोनमध्ये विरघळून जातं. ते मोजून ठेवायची जबाबदारी ज्याच्यावर ते पडलं, त्याचीच. कुठलं काम, कोणाकडून, कुठल्या तारखेला आलं, एवढी नोंद पुरते.

मागणी योग्य असली की वेळ आपोआप योग्य ठरते, असंही नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाची आठवण अजून ओली आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार, दत्ता सामंतांसारखा नेता, पगार खरोखरच तुटपुंजे. पण अनेक मालकांना गिरणी बंद राहण्याची फारशी चिंता नव्हती. समोरच्याला आपली गरज किती, हे पाहिल्याशिवाय मागू नये, हा त्यातला कडू भाग. कंपनी माणसं कमी करत असेल, किंवा आपण कंत्राटदाराच्या पटावर असू, तर वरचा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. कंत्राटी पोराला "जानेवारीत बोल" असं सांगणं मला आगाऊपणाचं वाटतं.

"आधी करून दाखव" या म्हणण्यात मात्र काही तथ्य आहे. तेच काम दुप्पट आलं, तर सिद्ध करण्यासारखं काहीच नसतं; पैसे लगेच मागावेत. पण काम वरच्या पायरीचं असेल, माणसं सांभाळायची असतील, तर सहा महिने मागणं हा वरिष्ठांचाही हक्क आहे. अट एकच: ते सहा महिने कुठे संपतात, ती तारीख काम घेतानाच ठरावी आणि त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या मेलमध्ये लिहिली जावी.

पैशांऐवजी पद मिळतं, तेव्हा तर जास्तच जपावं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट दर आहे, पण व्यवस्थापकीय स्वरूपाच्या जागा त्यातून वगळलेल्या आहेत. 'असिस्टंट मॅनेजर' झालात म्हणून पेढे वाटले जातात आणि ओव्हरटाइमचा विषयच मिटतो. पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम काय, हे न्यायालयं बघतात, हे खरं; पण त्यासाठी न्यायालयात जाणार कोण?

आणि "पुढच्या एप्रिलला बघू" असं उत्तर आलं तर? तर दुसरा प्रश्न तिथेच विचारायचा: तोवर यातलं कुठलं काम बाजूला ठेवू? हा उद्धटपणा नाही. बाई पैसे वाढवून मिळाले नाहीत तर सरळ सांगते, "मग कपडे मशीनला लावा." ताईंनी ते ऐकून घेतलेलं असतं, आणि कपडे मशीनला लावलेलेही असतात.