विचारले नाही म्हणून सांगितले नाही

सत्य बोलावे, हे कोणाला ठाऊक नाही? पण न विचारलेले सत्य आपण होऊन सांगावे की नाही, ही गाठ व्यवहारात पडते आणि भल्याभल्यांना सुटत नाही. पुण्याच्या एका माळकरी गृहस्थांनी ती आमच्यापुढे टाकली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे :

"बुवा, मुठेच्या काठी तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. मेट्रो पायी दहा मिनिटांवर, वारा भरपूर. मंडळींच्या औषधपाण्यासाठी तो विकणे भाग आहे. पण २०२४ साली आषाढी एकादशीनंतर आठव्या दिवशी, म्हणजे २५ जुलैला, धरणाचं पाणी सोडलं तेव्हा खाली वाहनतळात कमरेइतकं पाणी आलं. विजेचे मीटर, लिफ्ट, जमिनीतली टाकी, सगळं गेलं. दलाल म्हणतो, विचारलं तर सांगा, नाहीतर गप्प बसा. यात खोटं काय झालं?"

प्रश्न खरा आहे, आणि गरजही खरी आहे. म्हणून आधी पूर्वपक्ष नीट मांडू. दलाल म्हणतो : घेणाऱ्याला डोळे आहेत, नदी काही लपवून ठेवलेली नाही, पूररेषेचे नकाशे सरकारदरबारी आहेत, आणि पाणी तिसऱ्या मजल्यावर चढले नाही. शिवाय हे बोलले की साऱ्या इमारतीचा भाव उतरणार, शेजारी शिव्या देणार. यातले एकही वाक्य असत्य नाही.

आता समाधान ऐका. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचा विचार फार सूक्ष्म केला आहे. आपल्या मनातला बोध दुसऱ्याच्या मनात पोहोचवावा म्हणून वाणी असते. ती फसवणारी, भ्रम घालणारी किंवा पोकळ निघाली तर ते सत्य नव्हे, असा त्याचा आशय. टीकाकार वाचस्पतिमिश्रांनी तिथे युधिष्ठिराने द्रोणांना दिलेल्या उत्तराचा दाखला दिला आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. शब्द खरा होता. पण द्रोणांच्या मनात जे उतरले ते खोटे होते, आणि तेच उतरावे अशी इच्छा होती. तेव्हा सत्य तोलायचे ते आपल्या शब्दांवरून नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटले त्यावरून. 'नदीकाठी, मोकळी हवा, मेट्रो जवळ' एवढेच सांगून थांबलात तर घेणाऱ्याच्या मनात काय उमटेल, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. त्या उमटण्यावरच तर भाव ठरतो.

कोणी म्हणेल, त्याला डोळे आहेत ना? आहेत, पण तो घर पाहायला येतो फाल्गुनात, आणि नदी तेव्हा ओहोळाएवढी असते. आषाढातली नदी विकणाऱ्याने पाहिली आहे, त्याने नाही. नकाशाचेही तसेच. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. लोकांना वाटते, म्हणजे २५ वर्षे निश्चिंती. तसे नव्हे. दर वर्षी पंचविसात एक, असा तो संभव. एखादे जोडपे २० वर्षांचे कर्ज काढून निळ्या रेषेवर घर घेते. तर हप्ते फिटायच्या आत एकदा तरी पाणी तिथवर येण्याचा संभव निम्म्याहून जास्त निघतो. लाल रेषेवरही तो शंभरात अठरा आहे. हे त्या जोडप्याला कोण सांगणार?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम विकणाऱ्यावर बंधन घालते, की घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न कळणारा मोठा दोष आपल्याला ठाऊक असल्यास तो सांगावा. पण वकील म्हणेल, नकाशा उघडा होता, तेव्हा तो कळण्यासारखा होता. वकिलाला ही पळवाट चालेल. गळ्यात माळ घालणाऱ्याने ती धरू नये.

आणखी एक गोष्ट. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. तो दिवस पाहिलेली माणसे आता थोडी उरली. नदीची आठवण माणसांच्या तोंडून पुढे जाते. दर विक्रीच्या वेळी एकेकाने तोंड मिटले, तर पाच-दहा खरेदीखतांनंतर त्या इमारतीत पाण्याची खूण सांगणारा एकही उरणार नाही. मग रात्री पाणी सोडल्याचा भोंगा वाजला तरी गाडी काढायला कोण धावेल? म्हाताऱ्यांना कोण उठवील? आपले मौन आपल्यापुरते राहत नाही, ते असे साठत जाते.

शेजाऱ्यांच्या रागाचे काय? चव्हाट्यावर उभे राहून इमारतीची निंदा करा, असे कोणी सांगत नाही. जो मनुष्य तुमच्या शब्दावर जन्माची कमाई टाकणार आहे, त्याला सांगायचे. वाराही सांगा, मेट्रोही सांगा; तेही खरेच आहे. सोबत पाणीही सांगा.

भाव उतरेल, हे नाकारून उपयोग नाही. पण जे उतरले ते आपले नव्हते. ती घेणाऱ्याच्या अज्ञानाची किंमत होती. औषधाला पैसे कमी पडले तर उसने मागावेत, नातलगांपुढे हात पसरावा, त्यात लाज नाही. मात्र एकाच्या घरचे दुखणे न सांगता दुसऱ्याच्या घरी पोहोचवू नये.

म्हणून त्या गृहस्थांना आमचे सांगणे एवढेच : इसार घेण्यापूर्वी त्या माणसाला खाली वाहनतळात न्या, पाणी जिथवर आले होते तिथे भिंतीवर हात ठेवून दाखवा, तारीख सांगा, आणि मग किमतीचे बोला. इत्यलम्.