कुडापलीकडचा आवाज

दुसऱ्याच्या घरात बोलावं की बोलू नये, हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. मी शिकलो दहावीपर्यंत. हा प्रश्न मला आमच्या धानोऱ्याच्या मळ्यात, एका झोपडीच्या कुडापलीकडून ऐकू आला.

१९९४ सालची गोष्ट. आखाजीला आमच्याकडे नवा सालदार ठरला. नवरा-बायको मळ्यातच राहायचे. गडी कामाला वाघ. बैलांचं वैरणपाणी असो की नांगरटी, सांगावं लागत नव्हतं. बाई मिरची तोडायला यायची. दिवाळीनंतर तिला सातवा महिना लागला होता. मी रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला गेलो, की झोपडीतून आवाज यायचा. आधी शिव्या, मग मार, मग तिचं दाबलेलं रडणं. सकाळी ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून मिरचीच्या सरीत उभी असायची.

मी वडिलांजवळ विषय काढला. ते म्हणाले, "नवरा-बायकोनं भांडन, तुले काय करनं शे?" मला ते उत्तर सोयीचं वाटलं. खरं सांगतो, मला परक्या संसाराची लाज आडवी आली नव्हती. तोडणी ऐन भरात होती. गडी रागावून निघून गेला तर माल झाडावर लाल होऊन गळेल, ही भीती होती. माझ्या गप्प बसण्याला मी सभ्यपणाचं नाव दिलं होतं.

आठव्या महिन्यातच ती बाळंत झाली. मूल दोन दिवस जगलं. मारामुळेच झालं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण गरोदरपणी मार बसला तर रक्त जाऊ शकतं, दिवस भरायच्या आत बाळंतपण होऊ शकतं, हे पुढे नर्सताईंकडून कळलं. तेव्हापासून त्या सरीतून जाताना माझी मान खाली जाते.

आमच्या भागाला हे शिकवणारं कुणी नव्हतं असंही नाही. शहादा आम्हाला लांब नाही. १९७२ साली तिथे भूमिहीन मजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. त्या चळवळीतल्या आदिवासी बाया दारूच्या अड्ड्यांवर चालून गेल्या, मडकी फोडली. मग बायकोला मारणाऱ्याच्या दारात जमून त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावू लागल्या. मी तेव्हा शाळकरी पोरगा. आमच्या ओट्यावर मोठी माणसं या गोष्टी हसत हसत सांगायची, कारण तीच संघटना मजुरी वाढवून मागत होती. ज्या बायांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी 'घरातला मामला' हा शब्दच मोडीत काढला होता. आम्ही शिकलेले मात्र हसत बसलो.

पुढे एकदा मी बोललो. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली एक सून पोटुशी होती. पक्कं घर, दारात मोटारसायकल. मार फक्त झोपडीत असतो असं कुणी समजू नये. सिमेंटच्या भिंतीतून आवाज कमी येतो, एवढाच फरक. मी तिच्या नवऱ्याला चारचौघांत चांगलं झापलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मला वाटलं, जुनं कर्ज फिटलं. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर माझ्या बायकोला म्हणाली, "काकी, काकांना म्हणावं बोलू नका. रात्री दुप्पट झालं."

तेव्हा मला कळलं, पहिल्या वेळी मी माझी मिरची सांभाळली, आणि दुसऱ्या वेळी माझं मन. दोन्ही वेळा तिला कुणी विचारलंच नव्हतं.

विचारलं माझ्या बायकोने. तपासणीच्या दिवशी आशाताईबरोबर ती त्या सुनेला उपकेंद्रात घेऊन गेली. सासू बाहेर बसलेली असताना हळूच म्हणाली, "बाई, तुले काय जोयजे?" मला वाटलं होतं, ती म्हणेल सोडवा मला. तसं ती म्हणाली नाही. तिला तीन गोष्टी हव्या होत्या. आधार कार्ड आणि तपासणीच्या कार्डाची झेरॉक्स आमच्या घरी ठेवायची. भावाचा नंबर आमच्याकडे असावा. आणि रात्री कधीही आली तर आमचं दार उघडावं, का आलीस असं कुणी विचारू नये.

शहरात हेच काम जरा रीतीने होतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं. दवाखान्यात आलेल्या बाईला मार होतो का हे तिथे एकांतात विचारतात, आणि पुढे काय करायचं ते तिच्यावर सोडतात. गरोदर बाई एरवी घराबाहेर पडली नाही तरी तपासणीला येते, म्हणून ही जागा मोलाची. आणि "तुम्ही कोण विचारणारे?" याला कायद्यानेही उत्तर दिलंय. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा. शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याचा ठपका येत नाही. नवऱ्याच्या राहत्या घरात राहायचा हक्कही तिला त्याच कायद्याने दिला. १८१ हा बायांसाठीचा नंबर आहे. जिवावर बेतलं असेल तर विचारत बसू नये, ११२ लावावा. एरवी मात्र आधी तिला विचारावं. दार आपटल्यावर आत काय होतं, ते तिलाच माहीत असतं.

ती एका रात्री आली. नववा महिना. अंगावर शाल, पायात चप्पल नाही. बायकोने दार उघडलं, चहा टाकला, भावाला फोन लावला. मी बाहेर खाटेवर बसून राहिलो. कुणाला झापलं नाही. पहाटे भाऊ गाडी घेऊन आला. माहेरी मुलगी झाली.

गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. सहा महिन्यांनी ती परत नांदायला आली. मला ते पटलं नाही, पण मी बोललो नाही. या वेळचं माझं गप्प बसणं १९९४ च्यासारखं नव्हतं, एवढं मी स्वतःला सांगतो. ते तसं नव्हतं याचा पुरावा एकच. आमच्या दाराला रात्री आतून कडी असते, कुलूप नसतं. आणि त्या झेरॉक्स अजून आमच्या पेटीत आहेत.