अभय कोणी द्यावं?

द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या आख्यानात आमच्याकडचे कीर्तनकार एक प्रसंग हमखास रंगवतात. संकट टळल्यावर द्रौपदी कृष्णाला विचारते, एवढा उशीर का केलास? तो म्हणतो, तू मला द्वारकावासी म्हणून हाक मारलीस. मग मला आधी द्वारकेला जावं लागलं आणि तिथून हस्तिनापूर गाठावं लागलं. हृदयातल्याला हाक मारली असतीस तर क्षणही लागला नसता. श्रोते माना डोलावतात. देवाला अंतर नाही, हे त्यांना मनोमन पटलेलं असतं. माझी सगळी नोकरी अग्निशमन दलाच्या कंट्रोलमध्ये, टेलिफोनपाशी गेली. त्यामुळे या कथेत मला दुसरंच ऐकू येतं. माणसाला अंतर असतं. हाक ऐकणारा कुठे बसलाय आणि तिथून त्याला काय दिसतंय, याने फरक पडतो.

हाक ऐकणारा कुठे बसावा, हा प्रश्न इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये गेली वीसेक वर्षं ऐरणीवर आहे. इंग्लंडच्या सरकारने २००४ मध्ये एक योजना काढली: अग्निशमन दलांची ४६ नियंत्रण कक्षं मोडून ९ प्रादेशिक केंद्रं उभारायची. कारणं खोटी नव्हती. रात्ररात्र फोन न वाजणारी कक्षं होती, यंत्रणा जुन्या झाल्या होत्या, आणि एका ठिकाणी फोनचा लोंढा आला तर शेजारच्या कक्षाला हात देता येत नव्हता. योजना बारगळली ती संगणक यंत्रणा उभी राहू शकली नाही म्हणून. डिसेंबर २०१० मध्ये ती गुंडाळली गेली. किमान ४६.९ कोटी पौंड वाया गेले, असं तिथल्या लेखापरीक्षकांनी सांगितलं, आणि केंद्रांसाठी बांधलेल्या बहुतेक इमारती रिकाम्या राहिल्या. स्कॉटलंडने मात्र ते करून दाखवलं. २०१३ मध्ये सगळी दलं एक झाली आणि ८ कक्षांची ३ झाली: जॉनस्टन, एडिंबरा, डंडी. इन्व्हर्नेस आणि ॲबर्डीनची कक्षं २०१६ मध्ये बंद झाली. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या घराला आग लागली तर फोन आता डंडीत वाजतो.

तिथल्या जवानांच्या संघटनेची मुख्य तक्रार स्थानिक माहिती हरवण्याची होती. ती मला लगेच कळली. स्कॉटलंडमध्ये टारबर्ट हॅरिस बेटावर आहे, टारबर्ट किंटायर द्वीपकल्पाच्या तोंडाशी आहे, आणि लॉख लोमंडच्या काठी टारबेट आहे. आपल्याकडे किती वडगावं आणि किती पिंपळगावं आहेत ते मोजून पाहा.

वर्दी देणारा माणूस पत्ता सांगत नाही. त्याला समोर जे दिसतं ते तो सांगतो. एकदा एका बाईंचा फोन आला, "मारुतीच्या देवळामागे, लवकर या." मी विचारलं, "ताई, पाराचा मारुती की गिरणीजवळचा?" "पाराचा, पाराचा." दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज खाली आला होता. बंब अजून फाटकाबाहेर पडायचा होता, विझलं काहीच नव्हतं. आपण कुठे आहोत हे पलीकडच्याला ठाऊक आहे, एवढ्यानेच त्यांना धीर आला. मग मी विचारलं, घरात कोण आहे, सिलिंडर कुठे आहे, जिना कुठल्या अंगाला आहे. त्यांनी सगळं नीट सांगितलं.

पण पारावरचा मारुती ठाऊक असणं हे काम आता नकाशे करू शकतात. मोबाइलवरून ठिकाण कळतं, आणि नव्या पोरांच्या पडद्यावर गल्ली माझ्या स्मरणशक्तीपेक्षा चोख दिसते. म्हणून केवळ भूगोलासाठी मी कक्षं एकत्र करण्याला विरोध करणार नाही. माझी काळजी वेगळी आहे आणि ती धर्माच्या प्रश्नापाशी जाते.

कंट्रोलचा माणूस दिवसभर एक वाक्य बोलतो: "घाबरू नका, माणसं निघालीत." हे अभय आहे. आपल्या परंपरेत अभयदान फार मोठं मानलं आहे, आणि शिबी राजाच्या कथेत त्याची किंमतही सांगितली आहे. कबुतर मांडीवर येऊन बसलं, राजाने त्याला अभय दिलं, आणि मागून ससाणा आपलं भक्ष्य मागत आला. राजा म्हणाला नाही की हा विषय माझ्या खात्याचा नाही. तराजू मागवला आणि स्वतःचं मांस कापून पारड्यात टाकलं. मला त्या कथेतली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. कबुतर आणि ससाणा, दोघेही राजाच्या डोळ्यांसमोर होते. आपण कशापासून अभय देतोय हे त्याला दिसत होतं.

लंडनमध्ये ३ जुलै २००९ रोजी लॅकनल हाउस या इमारतीला आग लागली. सहाजण गेले, त्यांत तीन मुलं होती. एक तरुणी सुमारे ४० मिनिटं फोनवर होती. घरातच थांबा, जवान तुमच्यापर्यंत येतील, असा त्या काळचा सल्ला तिला मिळत राहिला. बोलणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, सल्लाही नियमाप्रमाणे होता. पण जवान तिच्यापर्यंत पोहोचत आहेत की नाहीत, हे त्या खुर्चीवरून दिसत नव्हतं.

मग १४ जून २०१७ ची रात्र. ग्रेनफेल टॉवर, २४ मजले, पहिली वर्दी १२ वाजून ५४ मिनिटांनी. ७२ माणसं गेली. लंडनच्या कंट्रोलचं काम त्या रात्री स्ट्रॅटफर्डच्या पर्यायी कक्षातून चाललं होतं. फोन इतके आले की काही दुसऱ्या दलांच्या कक्षांकडे वळले. लंडनपासून लांब बसलेली माणसं धुरात अडकलेल्यांशी बोलत होती. थांबण्याचा सल्ला बदलून आता बाहेर पडा असं सांगायचं, हे कंट्रोलने २ वाजून ३५ मिनिटांनी ठरवलं आणि घटनास्थळावरच्या अधिकाऱ्याने २ वाजून ४७ मिनिटांनी. एकाच इमारतीबद्दल दोन ठिकाणी दोन निर्णय, मध्ये बारा मिनिटं. दुसऱ्या शहरांतून फोन घेणाऱ्यांपर्यंत इमारतीची सगळी खबर पोहोचत नव्हती, हेही चौकशीत पुढे आलं.

लंडनचं कक्ष काही एकत्र केलेल्यांपैकी नव्हतं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. लॅकनलचा फोन लंडनमध्येच घेतला होता, आणि ग्रेनफेलच्या रात्री दूरच्या कक्षांनी फोन उचलले नसते तर ते नुसते वाजत राहिले असते. म्हणून मी जवळचं ते चांगलं आणि लांबचं ते वाईट असं मानत नाही. पण बोलणारा आणि पाहणारा यांच्यातली फट तेव्हाही होती, हे या दोन्ही रात्रींनी दाखवलं. कक्षं एकत्र करताना ती फट शंभर मैलांची होते, आणि योजनेच्या कागदांत मला ती क्वचितच दिसते. तिथे किती सेकंदांत फोन उचलला हे मोजतात. उचलल्यानंतर दिलेलं अभय कुणाच्या जोरावर दिलं, हे मोजायला रकानाच नसतो.

महाराष्ट्रात ११२ क्रमांक आल्यापासून फोन नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात आणि निरोप जिल्ह्याकडे जातो. तिथली मुलंमुली मन लावून काम करत असणार, याबद्दल मला शंका नाही. मी त्यांच्यासाठीच लिहितोय. रात्री दोन वाजता कुणी आई दार लावून ओला टॉवेल फटीत कोंबून बसली असेल आणि विचारत असेल, "येतायत ना?", तेव्हा ज्या मुलीला उत्तर द्यायचंय तिच्या हातात काय आहे?

ग्रेनफेलच्या चौकशीने २०१९ च्या अहवालात एक शिफारस केली: कंट्रोलमधला वरिष्ठ अधिकारी आणि घटनास्थळाचा प्रमुख यांच्यात फक्त त्यांच्यासाठी राखलेला संपर्क असावा. कक्षं एकत्र करण्याचा कुठलाही प्रस्ताव पुढे आला की इमारत, बचत आणि माणसांची संख्या यांच्या आधी मला तो संपर्क दाखवा. आगीसमोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा आवाज फोनवरच्या मुलीपर्यंत किती मिनिटांत पोहोचतो ते सांगा. आणि जिना धुराने भरलाय असं वर्दी देणारा सांगत असेल, तर छापील सल्ला बाजूला ठेवण्याचा अधिकार तिला आहे का, तेही लेखी द्या.