ऐब आणि मोल

कोलशेतच्या ज्या पट्ट्यात पूर्वी रसायनांचे कारखाने होते, तिथे आता टॉवर उभे आहेत. अशाच एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक चाचा मागे जुने एचएमटी घड्याळ घेऊन आमच्याकडे आले. रोज चावी द्यावी लागणारे, १७ ज्वेलचे 'जनता'. आम्हाला जुन्या घड्याळांचा शौक आहे हे गल्लीत सर्वांना ठाऊक. शाळेतली मुलेही त्यावरून हसतात.

चाचांनी एकेक ऐब आपणहून सांगितला. काच ओरखडलेली, चावी मूळची नाही, दिवसाला दहा मिनिटे मागे पडते. शिवाय तबकडी डागाळली म्हणून मुंबईत पुन्हा रंगवून घेतलेली. हा ऐब मोठा. अशा घड्याळांना शौकिनांमध्ये 'मुंबई स्पेशल' हे नावच पडले आहे आणि ती हाती धरलीच तर भाव पाडून धरतात. मागे पडण्याचे मात्र आम्हाला भय वाटले नाही. आतले तेल सुकले की यंत्राची चाल बिघडते. घड्याळजी ते खोलून, धुऊन, नवे तेल देतो. गंज चढला असता तर गोष्ट वेगळी. मागचे झाकण उघडून घेतले, तर आत सगळे स्वच्छ आणि मूळचे.

"मास्तर, पाचशे द्या. जास्त वाटत असतील तर तुम्हीच सांगा."

इथे आमची पंचाईत झाली. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला सुरू झालेला हा सरकारी घड्याळ-उद्योग बंद करण्याचा निर्णय केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. पूर्वी घरोघरी असलेल्या या घड्याळांना त्यानंतर शौकीन शोधू लागले. चाचांचे घड्याळ सगळ्या ऐबांसकट दीड हजाराला गेले असते. त्यांना ते ठाऊक नव्हते.

विकणाऱ्याने ऐब लपवू नये, हे मकतबातले पोरही सांगेल. घेणाऱ्याने मोल लपवू नये, असे मात्र आम्हाला कोणी शिकवले नव्हते, बी.एड.ला तर नाहीच. १८१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे न्यू ऑर्लीन्सचा एक खटला आला. युद्ध संपल्याची खबर बाजारात पसरण्याआधी एकाने तंबाखूचा सौदा उरकला आणि मग भाव चढले. मुख्य न्यायाधीश मार्शल म्हणाले, खबर सांगणे घेणाऱ्यावर बंधनकारक नाही. मात्र कोणीही दुसऱ्याला फसवू नये. हदीस याहून कडक आहे. माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजाराबाहेर गाठू नये. गाठून खरेदी केलीच, तर बाजारात पोचल्यावर विकणाऱ्याला सौदा मोडता येतो. कारण वाटेत त्याला भाव ठाऊक नसतो.

आमच्या उंबऱ्यावर उभे असलेले चाचा बाजारात पोचले होते का?

आमचे ज्ञानही फुकटचे नाही, कित्येक सुट्या आणि बरेच पैसे घालवून ते मिळवले आहे, ही दलील आम्ही रात्रभर घोळवली. दुकानदारापुढे ती टिकते. भाव जाणणे हा त्याचा धंदाच आहे. चाचांपुढे टिकेना. त्यांनी भाव आम्हालाच विचारला होता.

सकाळी सांगून टाकले, "चाचा, याचे दीड हजार येतील. आम्हाला हजारच परवडतात."

त्यांनी घड्याळाला चावी दिली, कानाशी धरले आणि "मुलाला विचारतो" म्हणून घेऊन गेले. आज बारा दिवस झाले. घरात विचारणा होते, "सांगायची काय गरज होती?" दुरुस्तीसाठी बाजूला काढलेले चारशे रुपये अजून कपाटात आहेत.