उसना हक्क

लग्न खरं आहे, हे कसं सिद्ध करतात?

आपल्याकडे हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की लग्न झालं. पण नवरा किंवा बायको अमेरिकेत असेल आणि दुसऱ्याला तिकडे कायमचं राहायला जायचं असेल, तर हा प्रश्न रीतसर विचारला जातो आणि त्याचं उत्तर कागदांत द्यावं लागतं. तिकडचा जोडीदार आधी आय-१३० नावाचा अर्ज भरतो. तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. मग डीएस-२६० फॉर्म, फी, उत्पन्नाचं हमीपत्र, पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स, ठरलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी आणि शेवटी मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत इंटरव्ह्यू. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल, तर दरवर्षीच्या व्हिसासंख्येची मर्यादा आड येत नाही. तो नुसता ग्रीन कार्डधारक असेल, तर येते आणि रांग लांबते.

या सगळ्यात एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. अर्ज भरणारा तो ‘पिटिशनर’ आणि जिच्यासाठी भरला ती ‘बेनिफिशियरी’, म्हणजे लाभार्थी. शेततळ्याच्या अनुदानाला असतो, तसा. (जाणारा नवराही असू शकतो, पण आपल्याकडे बहुतेक वेळा जाणारी बायकोच असते, म्हणून मी ‘ती’ म्हणतेय.) ती खरंच लाभार्थी आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी पुराव्याचं बोलू. लग्नाचे फोटो, पत्रिका, एकमेकांना भेटायला काढलेली तिकिटं, चॅट, जोडखातं, विम्यावर नॉमिनी म्हणून नाव. आपल्या नात्याची अशी फाइल करताना अनेकांना अपमान वाटतो. दोघांमधलं बोलणं तिसऱ्याने का वाचावं? तो राग समजण्यासारखा आहे, पण सरकारचीही एक बाजू आहे. १९५३ साली लुटवाक खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर पॅरिसमध्ये लागलेली काही लग्नं आली. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आपल्या परदेशी बायका आणता याव्यात म्हणून केलेल्या कायद्याचा त्यात वापर झाला होता. विधी झाले होते, पण एकत्र राहण्याचा इरादाच नव्हता. कोर्टाने शिक्षा कायम केल्या. पुढे १९७५ मध्ये बार्क खटल्यात एका अपील कोर्टाने कसोटी नेमकी केली: लग्न करताना दोघांना एकत्र आयुष्य उभारायचं होतं का? नंतर ते वेगळे झाले, एवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही.

मला ही कसोटी चांगली वाटते. ती प्रेम किती होतं, हे विचारत नाही, इरादा विचारते. अडचण एवढीच की इरादा दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात. पाहण्याच्या कार्यक्रमात भेटून दोन महिन्यांत लग्न केलेल्या जोडप्याकडे खुणा कमी असतात आणि पाच वर्षं एकमेकांना कंटाळलेल्या जोडप्याकडे भरपूर. तरीही पुरावा मागणं हा अन्याय नाही. ज्या हक्कासाठी खोटं बोलायला माणसं तयार होतात, तो देताना तपासणी होणारच.

अन्याय सुरू होतो तो तपासणीच्या पुढे, सरकार दोघांपैकी एकाच्या हातात किल्ली देतं तेव्हा.

१९८६ च्या कायद्यानुसार, अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर मिळणारं ग्रीन कार्ड सशर्त असतं. दोन वर्षं पूर्ण होण्याआधीच्या नव्वद दिवसांत अट काढण्यासाठी आय-७५१ अर्ज करायचा आणि तो साधारणपणे दोघांनी मिळून. घटस्फोट झाला किंवा छळ झाला, तर एकटीला अर्ज करायची वाट आहे. पण लग्न खरं होतं, हे दाखवण्याचं ओझं तिच्यावर. म्हणजे ती दोन वर्षं घरातल्या प्रत्येक भांडणात तिसरं कुणीतरी बसलेलं असतं: सही. ती कुणी रोखून धरेलच असं नाही. पण रोखता येते, हे दोघांनाही माहीत असतं.

इथे घरचे लोक म्हणतात, “अगं, मुलगा चांगला आहे, तो असं काही करणार नाही.” खरं असेल. पण प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाही. तत्त्वचिंतक फिलिप पेटिट यांनी हे समजावताना इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’मधल्या नोराचं उदाहरण घेतलं आहे. तिचा नवरा तिचे लाड करतो, तिला फारसं अडवत नाही. मग ती स्वतंत्र का नाही? कारण तो अडवत नाही, पण अडवू शकतो. तिला जे मिळतं, ते त्याच्या मर्जीने मिळतं. पेटिट यांच्या मते स्वातंत्र्य म्हणजे कुणाच्या मर्जीच्या ताब्यात नसणं. चांगला नवरा हे नशीब आहे. हक्क ही वेगळी गोष्ट आहे.

आता काम. इमिग्रंट व्हिसावर गेलेल्या व्यक्तीला विमानतळावर शिक्का बसला, त्या दिवसापासून नोकरी करता येते. व्हिसावरचा तो शिक्का वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो. सोशल सिक्युरिटी नंबर डीएस-२६० मध्येच मागता येतो. वेगळी परवानगी लागत नाही. उलट, एच-१बीवर गेलेल्या इंजिनिअरची बायको एच-४ व्हिसावर जाते आणि तिला काम करता येत नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून त्यातल्या काहींना वर्क परमिट मिळू लागलं, पण नवऱ्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत पोचली असेल तरच. लग्न तितकंच खरं, शिक्षण तेवढंच, तरी एक पहिल्याच आठवड्यात नोकरीचे अर्ज करते आणि दुसरी वर्षानुवर्षं घरी बसते. फरक तिच्यात नाही, नवऱ्याच्या कागदात आहे.

नवऱ्याच्या कागदावरून बायको कोण, हे ठरवण्याची सवय जुनी आहे. १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच जात असे आणि १९१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते योग्य ठरवलं. १९२२ मध्ये कायदा बदलला, पण पूर्ण नाही: ज्याला नागरिक होता येत नाही, अशा पुरुषाशी लग्न केलं तर नागरिकत्व जायचंच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्याने भारतीयांना त्याच गटात टाकलं. ही तरतूद १९३१ मध्ये गेली. आज तो कायदा वाचताना हसू येतं. एच-४ चा नियम वाचताना का येत नाही?

यावर दोन उत्तरं मिळतात. पहिलं: देशात कुणाला घ्यायचं, हे ठरवायचा अधिकार त्या देशाचा. २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने तर सांगितलं की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, हा नागरिकाचाही मूलभूत हक्क नाही. तो अधिकार क्षणभर मान्य करू. पण दारातून कुणाला घ्यायचं हे ठरवणं वेगळं आणि आत घेतलेल्या माणसाला वर्षानुवर्षं कामाशिवाय बसवणं वेगळं. दुसरं उत्तर: तिने स्वतःच निवडलं ना? निवडलं, पण काय? माणूस निवडला, संसार निवडला. मर्जीखाली राहणं त्या पॅकेजमध्ये आपोआप आलं. आणि स्थळं बघताना पॅकेज, पत्रिका, उंची सगळं विचारलं जातं, “मला तिथे काम करता येईल का, कधीपासून, कशाच्या आधारावर?” हे फार थोड्या घरांत विचारलं जातं.

परवानगी मिळाली म्हणजे काम मिळालं, असंही नाही. एमबीबीएस झालेलीला यूएसएमएलई आणि त्यानंतर रेसिडेन्सी. बीडीएसला बहुतेक राज्यांत पुन्हा कॉलेज. बीएएमएसवर तिथे डॉक्टर म्हणून लायसन्स मिळत नाही. वकिलाला आणि शिक्षिकेला राज्याराज्याचे वेगळे नियम. “कोणतंही काम हलकं नसतं,” हे वाक्य अशा वेळी फार ऐकू येतं, बहुतेकदा ज्यांना ते काम करायचं नसतं त्यांच्याकडून. काम हलकं नसतं, हे खरंच. पण दहा वर्षांची मेहनत एका विमानप्रवासात शून्य होते, तेव्हा तिला दुःख करायचा हक्क आहे. त्याला कृतघ्नपणा म्हणू नये.

कृतघ्नपणा हा शब्द येतो, कारण अनेक घरांत एक वाक्य बोललं किंवा गिळलं जातं: “मी तुला इथे आणलं.” जणू तिच्यावर कर्ज आहे. गंमत म्हणजे कायद्याचा हिशोब बरोबर उलटा आहे. आय-८६४ या हमीपत्रात सही करणारा सरकारला वचन देतो की, हिचं उत्पन्न गरिबीच्या ठरलेल्या पातळीच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही. घटस्फोटानेही ते वचन सुटत नाही. ते सुटायच्या मोजक्या वाटा आहेत. ती नागरिक झाली तर, किंवा तिच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाही जमा झाल्या तर, म्हणजे साधारण दहा वर्षं. कर्ज आणणाऱ्यावर असतं आणि ते फिटतं तिच्या कष्टाने. मग लाभार्थी कोण?

कायदा बदलायला वेळ लागेल. १९९४ पासून छळ होत असलेल्या जोडीदाराला स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो, म्हणजे किल्ली एकाच हातात देण्यातला धोका कायद्यालाही कळलेला आहे. पण जी सत्ता कायदा एकाला देतो, ती त्याने वापरायची की वाटून टाकायची, हे घरात ठरतं. पासपोर्ट तिच्याजवळ. सगळ्या अर्जांच्या प्रती तिच्या ईमेलमध्ये. खात्यावर तिचं नाव पहिल्या महिन्यात, लायसन्सच्या परीक्षांचा खर्च संसाराच्या बजेटमध्ये. आय-७५१ ची तारीख दोघांच्या फोनवर. चांगुलपणा दाखवायला हे करायचं नाही. चांगुलपणावर अवलंबून राहावं लागू नये, म्हणून करायचं.

तुमच्यापैकी कुणाचं तिकडचं स्थळ चालू असेल, तर होकाराआधी एकदा विचारा: तुझा व्हिसा कोणता, माझा कोणता असेल आणि माझ्या कामाचं काय? प्रश्नाला राग आला, तर तेही उत्तरच आहे.