पूर्वपक्षाचे स्थान

माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या १४व्या शतकातील ग्रंथाचा आरंभ चार्वाकदर्शनाने होतो. वेदान्ती ग्रंथकाराने नास्तिकाला पहिले प्रकरण द्यावे, हे अर्थपूर्ण आहे. खंडनासाठी का होईना, पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धान्ताला प्रतिष्ठा नाही, ही त्यामागील ज्ञानशिस्त होय. शिवाय, दर्शनपरंपरेत ‘नास्तिक’ म्हणजे वेदप्रामाण्य नाकारणारा; म्हणूनच जगत्कर्ता ईश्वर न मानणारी पूर्वमीमांसा आस्तिक ठरते. वाद मुळात ईश्वराचा नसून प्रामाण्याचा आहे.

परंतु ग्रंथात पूर्वपक्षाला मिळालेले स्थान, तो पक्ष जगणाऱ्या माणसाला समाजात मिळते काय? पुण्यात आगरकरांची (१८५६–१८९५) प्रेतयात्रा त्यांच्या हयातीतच काढली गेली. देवाधर्माविषयी तटस्थ राहून केवळ शोषक अंधश्रद्धांना प्रमाण विचारणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २०१३मध्ये त्याच शहरात खून झाला.

नीतीचा भार शास्त्राज्ञेवर न टाकता माणसाने स्वतः वाहावा, अशी विवेकी नास्तिकाची मागणी असते. श्रद्धाळूलाही तिचे उत्तर द्यावे लागते आणि ते देताना त्याची श्रद्धा अधिक डोळस होते. प्रश्नकर्त्याला निरुत्तर करण्याऐवजी नाहीसा करणारा समाज वस्तुतः स्वतःच्या सिद्धान्तावरील अविश्वासच प्रकट करतो.